शिकण्याच्या साहित्यावर मालकी कुणाची?

(यवतमाळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखबद्ध मजकूर)



कापसाचा भाव, पीकविम्याची रक्कम, ओस पडत चाललेल्या गावशाळा हे आपले नित्याचे विषय बाजूला ठेवून आज मी महाविद्यालयांतील डिजिटल अध्ययनसाहित्याविषयी बोलणार आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संगणकावरील पाठ, ध्वनिचित्रफिती, टिपणे, प्रश्नसंच ही प्राध्यापकांची बाब; चळवळीचा तिच्याशी संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हे साहित्य कुणाच्या पैशातून निर्माण झाले, ते कुणाच्या ताब्यात आहे आणि ते वापरण्याची, बदलण्याची मुभा कुणाला आहे, असे आपण विचारले की तो मालकीचा प्रश्न होतो. आणि मालकीचा प्रश्न हा तर आपला जुनाच विषय आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचे फळ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडते, हे परखडपणे दाखवून दिले होते. त्या युक्तिवादाची धार आजही बोथट झालेली नाही. विद्यापीठाची इमारत, प्राध्यापकाचा पगार, चित्रीकरणाची सामग्री आणि संगणकाची यंत्रणा यांवर होणाऱ्या सार्वजनिक खर्चात झरी जामणीच्या मजुराने काडेपेटीवर भरलेल्या कराचाही वाटा आहे. तेव्हा त्या खर्चातून तयार झालेला पाठ त्या मजुराच्या मुलीला मोकळेपणाने मिळतो काय, आणि तिच्या शिक्षकाला तो तिच्या गरजेप्रमाणे घडवता येतो काय, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

या बाबतीत जगात काय घडले, ते थोडक्यात पाहू. २००१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी विनामूल्य खुले करण्याचे जाहीर केले. पुढल्याच वर्षी युनेस्कोच्या परिषदेत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली आणि २०१९च्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोच्या सदस्यराष्ट्रांनी त्याविषयीची शिफारस स्वीकारली. आपल्या देशातही या दिशेने काम झाले. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी सरकारी पैशातून एनपीटीईएल हा व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने आपली पाठ्यपुस्तके ‘ई-ज्ञानकोश’ या भांडारात ठेवली. २०१७ साली ‘स्वयम्’ हे व्यासपीठ उभे राहिले. सरकारने काहीच केले नाही, अशी ओरड आपण करू नये. ती खरी ठरणार नाही.

मात्र येथेच एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. एखादी गोष्ट फुकट पाहावयास मिळणे निराळे आणि ती आपली असणे निराळे. या जिल्ह्यातील माणसाला हे समजावून सांगण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत घातली गेली. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग खाजगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाडी सरकारची, कर्मचारी सरकारचे, उतारू आपले. रूळ मात्र दुसऱ्याचे. मार्ग रुंद करावयाचा म्हटले की मालकीचा गुंता आडवा येई. आज त्या मार्गावर गाडी धावत नाही. वापरण्याची मुभा आणि बदलण्याचा अधिकार यांत किती अंतर असते, हे त्या रुळांनी आपल्याला शिकविले आहे.

अध्ययनसाहित्याचेही असेच आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलेल्या, बोललेल्या, चित्रित केलेल्या कृतीवरील हक्क आपोआप राखीव होतात. कर्त्याने वा संस्थेने स्पष्ट परवाना दिला नसेल, तर ध्वनिचित्रफीत पडद्यावर दिसते, परंतु तिचे भाषांतर करून ती प्रसृत करता येत नाही. म्हणून जगभर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’सारखे खुले परवाने प्रचारात आले. पूर्ण खुल्या परवान्याने पाच गोष्टींची मोकळीक मिळते: साहित्य जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, दुसऱ्या साहित्यात मिसळणे आणि पुढे वाटणे. मूळ कर्त्याचे नाव मात्र द्यावेच लागते. आपल्याकडे २०१३ साली शालेय साहित्याचे राष्ट्रीय भांडार एनसीईआरटीने अशा परवान्यानिशी उघडले. जे शाळेसाठी होऊ शकते, ते विद्यापीठासाठी का होऊ नये?

बदलण्याच्या अधिकाराचा मी एवढा आग्रह का धरतो? अर्थशास्त्राच्या पाठात किमान आधारभूत किमतीचे उदाहरण पंजाबच्या गव्हाचे असेल, तर वणी किंवा दारव्ह्याच्या शिक्षकाला तेथे कापसाचे गणित घालता आले पाहिजे. इंग्रजी व्याख्यानाचे मराठी टिपण करून ते विद्यार्थ्यांच्या हाती देता आले पाहिजे. याच जिल्ह्यात कोलामी, गोंडी आणि बंजारा बोलणारी मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात त्यांची गाठ अनेकदा दोन परक्या भाषांशी पडते: पुस्तकी मराठीशी आणि इंग्रजीशी. त्यांच्यासाठी कुणी चार पानांची सोपी शब्दसूची केली, तर तिचा उपयोग एका वर्गापुरता का राहावा? संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ची. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत बहुतांशी एकच अभ्यासक्रम शिकविला जातो, आणि त्याच धड्याची टिपणे प्रत्येक गावचा शिक्षक रात्री जागून नव्याने काढीत बसतो. शेतकरी नांगरणीला एकमेकांचे बैल देतात; आपले सुशिक्षित मात्र टिपणाची वही कपाटात ठेवतात!

मराठीत उच्च शिक्षणाचे साहित्य नाही, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला. आज तो संगणकावर कुणालाही वाचता येतो. त्याच दशकात नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवी स्तरावरील अनेक विषयांची पुस्तके मराठीत आणली. त्यांतील बहुतेक आता ग्रंथालयांच्या फडताळांतच भेटतात. राज्य शासनाने १९७९पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन व भाषणे यांचे खंड प्रसिद्ध केले. २०२१ साली त्यांची छपाई रखडल्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छापील प्रत सरकारी गोदामाची वाट पाहते. संगणकीय प्रत एका विद्यार्थ्याकडून शंभरांकडे जाते आणि तरी पहिल्याकडे शाबूत राहते. भाकरी वाटली की अर्धी होते. हे साहित्य वाटल्याने कमी होत नाही. म्हणूनच त्यावरील कुलूप अधिक अन्यायाचे आहे.

कुलूप सर्वदा कायद्याचेच असते असे नव्हे. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत छापलेली मराठी टिपणे दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा दिसतो. पुस्तकांच्या पानांची केवळ छायाचित्रे काढून ठेवली, तर त्यांत शब्द शोधता येत नाही, दुरुस्ती करता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचनयंत्राला ती पाने कोरीच असतात. फक्त जाळ्यावरच पाहता येणारी चित्रफीत तांड्यावरच्या आणि पोडावरच्या मुलाला निरुपयोगी ठरते. उतरवून घेता येणारी हलकी फाइल, सोबत मजकुराची प्रत, ही चैन नव्हे. समान संधीची ती पूर्वअट आहे.

कायद्याच्या आघाडीवर एक मोठा विजय आपल्या पदरी आहे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तेथील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाविरुद्ध दावा लावला. पुस्तकांतील प्रकरणांचे संच विद्यार्थ्यांना छापून देणे हा त्यांचा गुन्हा! विद्यार्थी आणि शिक्षक संघटित होऊन या दाव्यात उतरले. २०१६च्या सप्टेंबरात आणि पुन्हा डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या ओघात केलेली अशी प्रत कायद्याला मान्य असल्याचे मूलतः स्वीकारले. २०१७ साली प्रकाशकांनी माघार घेतली. पण या विजयाची मर्यादाही ओळखावी. वर्गासाठी प्रत काढणे आणि पुस्तकाचे रूपांतर करून पाच जिल्ह्यांना वाटणे या एक गोष्टी नव्हेत. दुसरीसाठी खुला परवानाच हवा.

दुसरीकडे सरकार काय करते? २०२४च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० नियतकालिके. लहान गावच्या संशोधकाला त्यामुळे दार उघडेल, हे मी नाकारीत नाही. परंतु हे भाड्याचे दार आहे. वर्गणी थांबली की ते मिटते. या रकमेचा एक लहानसा अंश जरी भारतीय भाषांतील खुल्या साहित्यावर खर्च झाला, तरी तो कायमची मत्ता निर्माण करील.

आता धोक्याविषयी बोलले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून घेता येतात. सोय म्हणून हे ठीक. पण ज्या राज्यात रिक्त पदे भरण्याऐवजी तासिका तत्त्वावर तरुण पदवीधरांना राबवून घेतले जाते, तेथे उद्या कुणी म्हणेल: व्याख्यान पडद्यावर आहेच, मग माणूस कशाला? साहित्याचे सामाजिकीकरण हे शिक्षक कमी करण्याचे साधन होऊ देता कामा नये. पडद्याला समोरच्या मुलाच्या कपाळावरची आठी दिसत नाही. तयार साहित्य हाती आले, तर शिक्षकाचा टिपणे काढण्यातला वेळ वाचावा आणि तो विद्यार्थ्याच्या शंकेसाठी खर्च व्हावा, असाच आपला आग्रह असला पाहिजे.

शिक्षकांचाही एक रास्त आक्षेप आहे: ‘मेहनत आमची, नाव संस्थेचे.’ यावर उत्तर एकच. परवान्यात कर्त्याचे नाव अनिवार्य असावे, बढतीच्या मूल्यमापनात खुल्या साहित्याला शोधनिबंधासारखे स्थान मिळावे आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला अशा कामाचा वेगळा मोबदला द्यावा. श्रमाचा मान राखल्याखेरीज वाटणीचे तत्त्वज्ञान सांगणे हा ढोंगीपणा होईल.

साथींनो, यातून आपले कार्यक्रम स्पष्ट होतात. सार्वजनिक पैशातून झालेले प्रत्येक अध्ययनसाहित्य खुल्या परवान्याने प्रसिद्ध व्हावे, असा ठराव विद्यापीठाच्या अधिसभेत आपल्या सदस्यांनी मांडावा. ग्रंथनिर्मिती मंडळाची दुर्मीळ पुस्तके युनिकोडमध्ये आणून ती खुली करण्याची मागणी शासनाकडे करावी. विद्यार्थी संघटनेच्या साथींनी सोळाही तालुक्यांत प्रत्येकी एका ग्रंथालयात साहित्य उतरवून घेण्याची सोय उभारण्यासाठी झटावे. आणि प्राध्यापक साथींनी ठरावाची वाट न पाहता आपले एक तरी टिपण, परवाना लिहून, येत्या सत्रापूर्वी सर्वांसाठी मोकळे करावे. रिक्त पदांच्या भरतीची मागणी या सर्वांसोबत राहील. तिच्यावाचून हा कार्यक्रम अपुरा आहे.

जमिनीची वाटणी, पाण्याची वाटणी या लढ्यांत एकाला मिळाले की दुसऱ्याचे घटते, म्हणून ते कठीण असतात. येथे कुणाचेच घटत नाही. तरीही हे साहित्य अडलेले आहे, ते केवळ आपण मागितले नाही म्हणून. ते मागू या!