भंगारात गेलेला कोबाल्ट



अणुविज्ञान आणि समाज हा विषय निघाला की बोलणं लगेच बॉम्बवर नाहीतर वीजप्रकल्पावर जातं. मला आज कोबाल्ट-६० या धातूबद्दल बोलायचं आहे.

साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी होतो आणि गॅमा किरण बाहेर टाकू लागतो. आपल्याकडे तो राजस्थानात रावतभाट्याला तयार होतो. याच किरणांनी आजवर असंख्य रुग्णांच्या कर्करोगाच्या गाठींवर उपचार झाले. त्यासाठीचं ‘भाभाट्रॉन’ यंत्र ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी घडवलं. लासलगावच्या केंद्रात कांद्याला हे किरण दिले की त्याला कोंब फुटत नाहीत. २००७ साली आपल्या आंब्याला अमेरिकेचं दार पुन्हा उघडलं, तेही तिथल्याच प्रक्रियेमुळे.

आता हाच कोबाल्ट दिल्लीत काय करून गेला, ते ऐका. तिथल्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतं. २०१० साली ते जुन्या सामानाबरोबर लिलावात निघालं आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथे ते फोडलं गेलं. आतला एक तुकडा एकाने पाकिटात घालून खिशात ठेवला. पुढे माणसं रुग्णालयात दाखल होऊ लागली आणि एक कामगार दगावला.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य साधारण सव्वापाच वर्षांचं, तेवढ्या काळात त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. म्हणजे त्या पंचवीस वर्षांत त्याचा किरणोत्सार जवळजवळ सत्ताविसाव्या भागावर आला होता. तेवढ्यानेही माणूस गेला. हे गणित त्या विभागातल्या कुणालाही दोन मिनिटांत मांडता आलं असतं. पण यंत्र आणणारे निवृत्त झाले, यंत्र अडगळीत गेलं, आणि ते काय आहे हे ते उचलणाऱ्याला कुणीच सांगितलं नाही. किरणोत्साराला रंग नाही, वास नाही. तो आहे हे सांगायला माणूसच लागतो.

१९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात यापेक्षा भयंकर घडलं. सोडून दिलेल्या दवाखान्यातल्या यंत्रातलं सीझियम-१३७ भंगारवाल्याच्या घरी पोचलं. अंधारात निळं चमकणारी ती पूड त्याने कौतुकाने नातेवाइकांना वाटली. चौघांचा जीव गेला, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. या सगळ्यात त्या भंगारवाल्याच्या बायकोची आठवण मला फार अस्वस्थ करते. घरातली माणसं एकामागून एक आजारी पडताहेत आणि ही वस्तू घरात आल्यापासून पडताहेत, हे तिने ताडलं. ती वस्तू पिशवीत घालून बसने तिने आरोग्य कार्यालयात नेऊन दिली. ती नेली म्हणून दुर्घटना उघडकीला आली. मेलेल्या चौघांत ती होती.

निरीक्षण, तर्क, कृती. आपण ज्याला वैज्ञानिक दृष्टी म्हणतो ती त्या बाईकडे होती. नव्हती ती फक्त माहिती, आणि ती ज्यांच्याकडे होती ते तिच्यापर्यंत गेले नव्हते. म्हणून ‘लोक अडाणी आहेत, उगाच घाबरतात’ हे आमच्या क्षेत्रातलं नेहमीचं वाक्य मला मान्य नाही. कोकणातल्या नियोजित जैतापूर अणुवीज प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय होईल, असं साखरी नाट्याचे मच्छीमार विचारत आले. हा अस्सल वैज्ञानिक प्रश्न आहे. त्याला त्यांच्या भाषेत, आकड्यांनिशी आणि त्यांच्यासमोर बसून उत्तर द्यायला हवं. मी स्वतः अणुऊर्जेच्या बाजूचा आहे, म्हणूनच हे आग्रहाने सांगतो.

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुमच्यातले काही रुग्णालयात जातील, काही कारखान्यात, काही प्रयोगशाळेत. तिथे कुठेतरी एक कुलूपबंद खोली असेल. नोकरीच्या पहिल्या महिन्यातच ती उघडायला लावा. आत काय आहे, कधीपासून आहे, कुणाच्या जबाबदारीवर आहे, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथल्या सामानाच्या कागदावर सही करू नका. मिळालेलं उत्तर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत आतल्या वस्तूवर लिहा. जो हमाल उद्या ती उचलणार आहे, त्याला ते वाचून दाखवा.