पदवीनंतरची दहा वर्षं



बारावीचा निकाल लागला की भोपाळमध्ये प्रवेशाची धावपळ सुरू होते. हमीदिया कॉलेज, मोतीलाल विज्ञान महाविद्यालय, महाराणी लक्ष्मीबाई कन्या महाविद्यालय, मॅनिट, सगळीकडे चौकशी होते, आणि घरोघरी एकच प्रश्न असतो: हे शिकून पुढे काय? मग शेजारचा मुलगा काय करतो, मावसबहिणीला कुठे नोकरी लागली, अशा ऐकीव माहितीवर निर्णय होतात. मुलांच्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय ऐकीव माहितीवर होऊ नये, हे मला मनापासून वाटतं. म्हणून आज पदवीधरांच्या पाठपुराव्याबद्दल, म्हणजे त्याच पदवीधरांना काही वर्षांनी पुन्हा पुन्हा विचारण्याबद्दल, बोलणार आहे.

आपल्याकडे मोजणी होत नाही, असं नाही. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्चशिक्षण घेत होते, त्यांत २.०७ कोटी मुली. पण हे सर्वेक्षण कॉलेजच्या फाटकापाशी थांबतं. रोजगाराची माहिती २०१७ पासून श्रमबल सर्वेक्षण गोळा करतं. त्यात निवडलेल्या घरी पुन्हा पुन्हा जातात, पण त्या घराशी संबंध वर्षभरातच संपतो. घर सोडून परगावी गेलेल्या माणसाच्या मागे हे सर्वेक्षण जात नाही. राहिले कॉलेजांचे प्लेसमेंटचे आकडे. ते फार तर पहिल्या नोकरीपर्यंत पोचतात.

यात कोण सुटतं, ते पाहू या. समजा, पिपलानीत वाढलेली, भेलमधल्या कामगाराची मुलगी बी.एस्सी. झाली. दोन वर्षं तिने एम. पी. नगरमध्ये क्लास लावून स्पर्धा परीक्षा दिल्या. मग एका खाजगी शाळेत शिकवलं. लग्न होऊन नागपूरला गेली, मूल झालं, नोकरी सुटली. मूल शाळेत जायला लागल्यावर तिने बी.एड. केलं आणि पुन्हा उभी राहिली. कॉलेजच्या कागदावर ती ‘प्लेसमेंट नाही’ एवढीच. सर्वेक्षणाचा माणूस ज्या वर्षी दारात येईल, त्या वर्षी ती एक तर बेरोजगार, नाही तर गृहिणी, नाही तर शिक्षिका. तीन वर्षांत तीन वेगळ्या बायका भेटल्यासारखं होईल. तिची वाट कुठे अडली आणि कशाने मोकळी झाली, हे कळायचं तर त्याच बाईला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने हेच केलं. १९९२-९३ मध्ये पदवी घेतलेल्यांतून नमुना निवडला आणि त्याच लोकांना १९९४, १९९७ आणि २००३ मध्ये गाठलं. कोण पुढे शिकलं, कोण शिक्षकी पेशात आलं, कोण तो सोडून गेलं, हे दहा वर्षांच्या ओघात दिसलं.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. रोजगार व प्रशिक्षण महासंचालनालयाने पन्नाशीच्या दशकातल्या पदवीधरांची पाहणी करून १९६३ मध्ये अहवाल काढला. १९७१ च्या जनगणनेत पदवीधरांना आणि तंत्रज्ञांना एक वेगळं कार्ड दिलं होतं. शिक्षण, विषय, नोकरी, पगार हे स्वतः भरून परत करायचं. कल्पना चांगली होती. पण कार्ड परत आलं की विषय संपला. त्याच माणसाला पाच वर्षांनी पुन्हा विचारलं गेलं नाही.

पाठपुराव्याचं मोल भोपाळला वेगळं सांगायला नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या विषारी वायुगळतीच्या रात्रीनंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने वायुग्रस्त वस्त्यांतल्या ८०,०२१ माणसांची नोंद केली. तुलनेसाठी वायू न पोचलेल्या भागातली १५,९३१ माणसं घेतली. मग आरोग्य कर्मचारी त्याच दारांवर वर्षानुवर्षं जात राहिले. श्वासाचे, डोळ्यांचे विकार रेंगाळतात, हे त्या नोंदींतून पुढे आलं. पण माणसं घरं बदलत गेली, मुली लग्न होऊन गेल्या, आणि मूळ यादीतला मोठा भाग हातातून निसटला. १९९४ नंतर काम एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे गेलं. यातून एक धडा मिळतो: यादी करणं सोपं, वीस वर्षं ती जिवंत ठेवणं अवघड. त्यासाठी दरवर्षीचा पैसा लागतो, कायमची माणसं लागतात, आणि गेलेल्याला शोधून काढण्याची चिकाटी लागते. हे सरकारच करू शकतं.

पदवीधरांच्या बाबतीत गाव सुटणं हाच तर मुख्य भाग आहे. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झालं, तेव्हा नागपूरहून कितीतरी मराठी कर्मचारी कुटुंबं इथे आली. त्यांची नातवंडं आज इथे शिकून पुण्याला, बंगळुरूला जातात. राज्यापुरतं पाहिलं, तर नेमकी हीच मुलं दिसणार नाहीत. म्हणून हे काम केंद्राने आणि राज्यांनी मिळून करायला हवं.

सगळ्यांना विचारायची गरज नाही. दरवर्षीच्या पदवीधरांतून काही हजारांचा नमुना नीट निवडावा. निरोपाच्या दिवशी त्यांच्या संमतीने दोन फोन नंबर घ्यावेत: एक स्वतःचा, दुसरा सहसा गाव न सोडणाऱ्या नातेवाइकाचा. मग पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी विचारावं. नाव-पत्ता उत्तरांपासून वेगळा ठेवावा. सांख्यिकी संकलनाचा २००८ चा कायदा गोपनीयतेची हमी देतोच. आणि निष्कर्ष कॉलेजांच्या सूचनाफलकावर, सोप्या भाषेत लावावेत, म्हणजे प्रवेशाच्या रांगेतल्या आईवडिलांना ते वाचता येतील.

असं सर्वेक्षण उद्या सुरू झालं, तर ते टिकणं तुमच्या-माझ्या हातात असेल. कुणी विचारायला आलं, तर वेळ द्या. नोकरी नसेल तर तेही सांगा, त्यात कमीपणा नाही. यश मिळालेल्यांनीच उत्तरं दिली, तर पुढच्या मुलांना चुकीचा रस्ता दाखवल्यासारखं होईल. तुमचं खरं उत्तर तुम्ही कधीही न पाहिलेल्या एखाद्या मुलीला योग्य विषय निवडायला मदत करेल.