पित्त म्हणून घरी पाठवू नका

नर्सिंगची पदवी घेऊन आज बाहेर पडणाऱ्या मुलींनो, मुलांनो, आणि त्यांच्यासाठी कामावर खाडा करून आलेल्या आईवडिलांनो,

तुमच्यातले बरेच जण आता बोईसर, पालघर, डहाणूच्या दवाखान्यांत रात्रपाळीला असतील. तिथे एक बाई येईल. सातपाटीच्या बंदरावर मासळीच्या पाट्या उचलणारी असेल, नाहीतर तारापूर एमआयडीसीत पॅकिंगवर उभी राहणारी. म्हणेल, ‘सिस्टर, पित्त झालंय. मळमळतंय, पाठ भरून आलीय, जीव घाबरतोय.’ नवरा म्हणेल, ‘सकाळपासून पोटात काही नाही हिच्या.’ तिच्या हृदयाचा विचार त्या खोलीत कोणी करत नसेल. तो तुम्ही करायचा, एवढंच सांगायला मी आले आहे.

हृदयविकाराच्या झटक्यात बायकांच्याही छातीत दुखतं. पण त्यासोबत धाप, मळमळ, जबड्यात कळ, एकदम गळून जाणं हे त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, आणि छातीचं दुखणं त्या कित्येकदा सगळ्यात शेवटी सांगतात. बाईचा आजार पुरुषासारखा दिसेपर्यंत तिला पुरुषाइतके उपचार मिळत नाहीत, हे अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नडीन हीली यांनी १९९१ मध्येच बजावलं होतं.

ईसीजी १० मिनिटांत काढायचा, हे तुम्ही परीक्षेत लिहिलंत. बाईचा तो का रखडतो, हे मात्र कोणी विचारलं नसेल. पडदा नसतो. समोर वॉर्डबॉय, शेजारी दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक; ती ब्लाउजची हुकं काढत नाही. मग आपणही संकोचून इलेक्ट्रोड वरच्यावर कुठेतरी चिकटवतो आणि आलेख फसवतो. पडदा नसेल तर चादर धरा, माणसं बाहेर काढा, तिला काय करणार ते सांगा. बरगड्यांमधली जागा बोटांनी मोजा आणि चौथा इलेक्ट्रोड स्तनाखाली, त्याच्या जागेवरच लावा. पहिला ईसीजी चांगला आला आणि त्रास थांबला नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा काढा. डॉक्टर वैतागले तरी काढा.

कारण इथे वेळेचं गणित वेगळं आहे. अँजिओप्लास्टीसाठी मुंबई गाठायची, तर चर्चगेट बोईसरपासून सुमारे १०० किलोमीटर. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी इथेच द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं. १०८ला फोन करताना ‘बाईला बरं वाटत नाही’ म्हणू नका. ‘हार्ट अटॅक आहे’ म्हणा.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जाणाऱ्यांना आणखी एक काम आहे. लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेली मुलगी पहिल्या बाळंतपणात येते. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळपास दीडपट होतं; अरुंद झडपेला ते झेपत नाही. घरचे म्हणतात, ‘पोटुशीला दम लागतोच.’ आडवं झाल्यावर धाप लागते का, उशा वाढवाव्या लागतात का, विचारा. डॉ. एस. पद्मावती यांनी १९५४ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात हृदयरोग क्लिनिक सुरू केलं, निदान तेव्हापासून तरी हा झडपांचा आजार आपल्या डॉक्टरांना माहीत आहे. तो अजून आपल्या बायकांना सोडत नाही, याचा मला राग येतो.

आणि चाळिशीच्या बाईला दोन प्रश्न विचाराच: बाळंतपणात रक्तदाब वाढला होता का? मशेरी लावता का? तेव्हाच्या रक्तदाबाने तिच्या हृदयाचा धोका पुढेही साधारण दुप्पट राहतो. दोन्ही उत्तरं केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहा.