टायरांची घडवंची

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वेग उभा राहतो आणि कानांत इंजिनांची गर्जना घुमू लागते. त्या मोटारी शर्यतीच्या जागेपर्यंत येतात कशा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. धंदेवाईक संघांची गोष्ट वेगळी. त्यांच्यापाशी माणसे असतात आणि पैसाही असतो. अमेरिकेत हौशी चालकांचा एक मोठा वर्ग आहे. 1944 साली तेथे स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था निघाली. 1948 साली वॉटकिन्स ग्लेन गावाच्या रस्त्यांवरून शर्यत धावली. 1955 साली विस्कॉन्सिन राज्यात रोड अमेरिका हा खास शर्यतीसाठी बांधलेला मार्ग खुला झाला. या परंपरेतला हौशी चालक आठवडाभर आपली नोकरी करतो आणि सुट्टी आली की मोटार बंदिस्त ट्रेलरमध्ये चढवून, तो ट्रेलर एखाद्या दणकट गाडीला जोडून शेकडो मैलांच्या प्रवासाला निघतो. या ट्रेलरमध्ये टायर ठेवण्यासाठी तो घरच्या घरी जी मांडणी तयार करतो, तिच्याविषयी मी आज बोलणार आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु पुढच्या गाडीत बहुधा बायकामुले बसलेली असतात, आणि मागच्या ट्रेलरमध्ये वीस-वीस किलो वजनाची आठ चाके असतात. ती जागची सुटली तर काय होईल, याचा विचार करावा म्हणजे विषयाचे महत्त्व ध्यानात येईल.

आठच चाके का? कोरड्या रस्त्यावर धावणाऱ्या शर्यतीच्या टायरला खाचा नसतात. रबर मऊ, गुळगुळीत आणि तापले म्हणजे चिकट होणारे. ते लवकर झिजते, म्हणून चार ताजे टायर बरोबर हवेत. पाऊस आला तर हे गुळगुळीत टायर पाण्यावर तरंगू लागतात, म्हणून खाचांचे आणखी चार हवेत. मोटारीला बसविलेले चार वेगळेच.

आपल्याकडे गोल बुडाचा हंडा सपाट जमिनीवर कलंडतो, म्हणून त्याला घडवंची लागते. टायरचेही तसेच आहे. सपाट फळीवर तो घरंगळेल. दोन आडवे पाइप समांतर ठेवून त्यांच्या मधल्या फटीत तो उभा बसविला, तर स्वतःच्याच वजनाने तो स्थिर राहतो. फट किती ठेवावी? टायरचा व्यास 60 सेंटिमीटर आहे असे धरू आणि पाइपांची जाडी क्षणभर विसरू. पाइपांत 36 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर टायरच्या मध्यापासून पाइपापर्यंत 30, निम्मी फट 18, आणि उरलेली उभी बाजू बरोबर 24! शाळेत आम्ही फळ्यावर काढतो तोच 3, 4, 5 चा काटकोन त्रिकोण. म्हणजे टायर 6 सेंटिमीटर खाली बसतो, आणि त्याला पाइपावरून बाहेर ढकलावयाचे तर त्याच्या वजनाच्या पाऊणपट आडवा जोर लागतो. साध्या प्रवासात एवढा जोर सहसा येत नाही. पण खड्ड्यावरून ट्रेलर उसळला की क्षणभर टायरचे वजनच नाहीसे झाल्यासारखे होते, आणि मग त्रिकोण काय करणार? म्हणून सगळ्या टायरांवरून एक रुंद पट्टा घेऊन तो दोन्ही टोकांना करकचून आवळावा लागतो.

आता ही घडवंची ठेवावी कोठे? येथे बैलगाडी हाकणारा शेतकरी आपणास अधिक शिकवील. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, हे त्याला ठाऊक असते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा 10 ते 15 इतका भार पुढच्या जोडावर असावा, असा तिकडे रूढ दंडक आहे. भार त्याहून कमी पडला तर ट्रेलर सर्पासारखा डोलू लागतो आणि वेगात तो डोल आवरत नाही. समजा, जोडापासून आसापर्यंतचे अंतर 5 मीटर आहे. आठ चाकांचे 160 किलो वजन आसाच्या पुढे 3 मीटरवर ठेवले, तर जोडावरचा भार 96 किलोंनी वाढतो. आसाच्या मागे 2 मीटरवर ठेवले, तर 64 किलोंनी घटतो. म्हणून जागा पुढच्या भिंतीशी. शर्यतीच्या मोटारीचे नाक ठेंगणे असते, ते या मांडणीखाली सहज शिरते. मात्र उंची छातीपेक्षा अधिक नसावी. वीस किलोंचे चाक डोक्यावर उचलणे ही कसरत एकदा करता येते, दिवसातून आठ वेळा नाही.

कित्येक जण लाकूड वापरतात. ते स्वस्त पडते आणि करवतीने काम भागते. मला विचाराल तर लोखंड बरे. लाकूड बोल्टाच्या भोकापाशी चिरते आणि ती चीर दिसते उशिरा. कोनपट्टीचे उभे खांब, त्यांवर पाइप. ट्रेलरची आतली रुंदी सुमारे 2.4 मीटर असते. तेवढ्या लांबीत आठ टायर शेजारी शेजारी मावतात, पण तेवढा लांब पाइप भाराने वाकेल. मधोमध एक खांब दिला की आधारांतले अंतर निम्मे होते आणि बाक जवळजवळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. एका खांबाच्या खर्चात एवढा लाभ दुसरीकडे कोठे मिळावयाचा!

खांबांनी भार जमिनीवर, म्हणजे तळाच्या लोखंडी आडव्या तुळयांवर, द्यावा. भिंतीने फक्त त्यांना धरून ठेवावे. भिंत वरून भक्कम दिसते, पण आत प्लायवुड, बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मध्ये लोखंडी फासळ्या, अशी तिची रचना असते. नुसत्या प्लायवुडात पिळलेला स्क्रू हादऱ्यांनी भोक मोठे करून निसटतो. बाहेरच्या पत्र्यावर स्क्रूंच्या उभ्या ओळी दिसतात, तेथेच फासळ्या असतात. बोल्ट त्यांत घ्यावेत, आणि नायलॉनचे अस्तर असलेले नट वापरावेत.

टायर हे जिन्नस नाजूक. ऊन आणि उष्णता त्यांना बाधतेच. पण विजेच्या मोटारीच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन वायूही रबराला चिरा पाडतो. म्हणून जनित्र आणि पेट्रोलचे डबे या मांडणीपासून दूर असावेत. शर्यतीचे मऊ रबर कडक थंडीत गोठले तर तडकू शकते, म्हणून उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळा लागताच टायर घरात न्यावेत. पाइपांवर रबरी नळी किंवा जाड कापड चढवावे, म्हणजे मऊ पृष्ठभागावर वळ उमटत नाहीत.

प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहावी: पुढचा डावा, मागचा उजवा. पावसाचे चार टायर पट्टा सोडताच हाती येतील अशा टोकाला असावेत. आभाळ फाटले की चाके बदलावयास थोडकी मिनिटे मिळतात, आणि त्यांतली दोन शोधाशोधीत जाऊ नयेत. पहिल्या प्रवासात पन्नासेक मैल गेल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि प्रत्येक नट पान्याने तपासावा. पट्टाही पुन्हा ओढावा, कारण तोवर टायर आपापल्या जागी बसलेले असतात आणि तो हमखास सैल झालेला असतो.