मागण्याचे बळ

रायपूर शहरातील पंडरीच्या कापडबाजारात दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मागण्याचाच व्यवहार चाललेला असतो. गिऱ्हाईक साडी मागते, दुकानदार दाम मागतो, आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. कारण उघड आहे. मागणाऱ्याच्या खिशात पैसा असतो. पण त्याच मनुष्याच्या घरी एखादे दुखणे आले आणि शेजाऱ्याचे दार ठोठावण्याची वेळ आली की त्याचे पाय उंबऱ्याशी अडखळतात. सरकारी अर्जाखाली ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहिताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, तोही शेजाऱ्याला दोन शब्द बोलताना घामाघूम होतो. देणे पुण्याचे आणि मागणे लाजेचे, अशी आपली दृढ समजूत आहे. मागणारा कोणी नसेल तर देणाऱ्याला पुण्य कोठून लाभावे, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

रायपूर पूर्वी ज्या मध्यप्रांतात मोडत असे, त्या प्रांतात १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी एक मराठी विदुषी तेथे निराधार मुलींचा शोध घेत फिरल्या आणि सुमारे तीनशे मुलींना आपल्या आश्रयाला घेऊन आल्या. त्या पंडिता रमाबाई. या मुलींच्या पोटापाण्यासाठी त्यांनी जगापुढे हात पसरला. परंतु हा हात पसरणे त्यांना जन्मतः साधलेले नव्हते. किंबहुना ज्या घरात त्या वाढल्या, तेथे न मागण्याचेच शिक्षण होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे व्युत्पन्न पंडित. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांनी समाजाचा रोष पत्करला होता. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे वाची आणि श्रोते श्रद्धेने जे पुढे ठेवतील त्यावर निर्वाह करी. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्यासारखा आहे. पुराणिकापुढे लोक दक्षिणा ठेवतात. पुराणिक ती मागत नाही. पुढे दुष्काळ आला, दक्षिणा आटली, भांडीकुंडी आणि दागिने विकून झाले, तेव्हा या विद्वान घराण्यापाशी दुसरा उपायच उरला नाही. हलके काम करणे कमीपणाचे आणि भीक मागणे त्याहून कमीपणाचे! रानातली पाने खाऊन त्यांनी दिवस काढले. अखेर जलसमाधी घेण्याचा विचारही अनंतशास्त्र्यांच्या मनात येऊन गेला. मरण सोपे वाटावे आणि शब्द अवघड वाटावा, अशी ती अवस्था होती. १८७४ साली वडील गेले.

त्यांच्यामागोमाग आई लक्ष्मीबाई अंथरुणाला खिळल्या. ज्वराच्या ग्लानीत त्या अन्न मागत होत्या. ते पाहवेना म्हणून सोळा वर्षांच्या रमाबाई एका ब्राह्मण बाईंच्या दारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागण्यासाठी गेल्या. पुढचा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. ती बाई मायेने बोलली. पण रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून मात्र धारा लागलेल्या. जी मुलगी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत म्हणत असे, तिला चार शब्दांचे एक वाक्य उच्चारता येईना. त्या बाईनेच मनातले ओळखून खायला हवे का असे विचारले, तेव्हा कोठे होकार बाहेर पडला. तुकडा मिळाला. रमाबाई धावत आईपाशी आल्या. पण आईच्या अंगी आता तो खाण्याचेही त्राण नव्हते. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

ही हकीकत रमाबाईंनी प्रसिद्ध केली ती मध्यप्रांताच्या दुष्काळाच्या वेळी, उपाशी मुलींसाठी साहाय्य मागताना. ज्या क्षणाची आयुष्यभर लाज वाटावी, तोच त्यांनी वीस-बावीस वर्षांनी जगासमोर उघडा केला. मधल्या काळात असे काय घडले होते?

पतीच्या निधनानंतर १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चही त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला होता. स्वाभिमान अजून तसाच ताठ होता. तेथे लंडनमधील फुलहॅम येथे पतित म्हणून गणलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले. ही सेवा कोणत्या प्रेरणेने चालते असे विचारल्यावर त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यात आली. आपले मन पालटण्यास ही कथा कारण झाली असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

ती कथा कशाने सुरू होते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती मागण्याने सुरू होते. भर दुपारी थकलेला येशू विहिरीच्या काठी बसला आहे, आणि ज्या जातीशी त्याचे लोक व्यवहारसुद्धा ठेवीत नसत, तिच्यातील एका स्त्रीजवळ तो प्यायला पाणी मागतो. जीवनाचे पाणी देणारा आधी स्वतः तहानेला आहे. सोवळ्याओवळ्याची कडक शिस्त जेथे पाणवठ्यावरच उभी होती, त्या समाजातून आलेल्या रमाबाईंना या मागणीचा अर्थ कोणा युरोपीय वाचकापेक्षा अधिक कळला असला पाहिजे. मागताना तो लहान झाला नाही. उलट त्या स्त्रीला त्याने देणारी केले.

तरीही मागणे म्हणजे मिंधेपणा नव्हे, हे इंग्लंडातच त्यांना लढून सिद्ध करावे लागले. ज्या भगिनींच्या आश्रयाने त्या राहत होत्या, त्यांच्याशी धर्ममतांवरून त्यांचा दीर्घ वाद झाला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास काही बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी निर्भीडपणे निषेध नोंदविला. अन्न आणि आसरा घेतला. सदसद्विवेक मात्र कोणाकडे गहाण ठेवला नाही. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथील नगरोनगरी व्याख्याने देत हिंदी विधवांसाठी साहाय्य मागितले. त्यातून बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदत करण्याचे अभिवचन दिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. दाराशी ओठ मिटून उभी राहिलेली मुलगी ती हीच!

१८९३ साली सदनातील काही मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा दिसू लागला, तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन असल्यामुळे टीकाकारांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. देणारे हात आखडतात, हा अनुभव मागणाऱ्याने गृहीतच धरावा लागतो. त्यानंतरही रमाबाई मागत राहिल्या. केडगावच्या मुक्तिसदनात १९०० च्या सुमारास दीड हजारांच्या आसपास माणसे होती. त्यांची गरज त्या आधी प्रार्थनेत देवापुढे मांडीत, आणि मग ‘मुक्ति प्रेयर बेल’ या पत्रिकेतून लोकांना कळवीत. या दोहोंत त्यांना कसलीही विसंगती वाटली नाही.

लूकच्या शुभवर्तमानात मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. त्याच्याकडे अवेळी पाहुणा आला आहे आणि घरात वाढायला काही नाही. आतला मित्र कुरकुरतो, मुले निजली म्हणतो. हा मात्र हटत नाही. त्याला हव्या असतात तीन भाकरी, आणि त्याही स्वतःसाठी नव्हेत. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तो छापला मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, आणि तेथे खिळे जुळविण्याचे काम आश्रमातील स्त्रियाच करीत असत.