वैद्यकीय अध्यापक आणि समाजमाध्यमे

(वैद्यकीय महाविद्यालयीन अध्यापकांच्या उद्बोधन वर्गात केलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेचा पदवीधर असून माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. त्या नात्याने, समाजमाध्यमांचा आपल्या शैक्षणिक कारकिर्दीस कितपत उपयोग होईल, याविषयी चार शब्द बोलणार आहे.

ज्ञाननिर्मितीसाठी मोठे शहरच हवे असे नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे बारकाईने टिपली. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने अनेकांचे प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या काळी समाजमाध्यमे नव्हती. आज ती हाताशी आहेत. परंतु आधी नोंद आणि मग प्रसिद्धी, हा क्रम बदललेला नाही.

या माध्यमांचा लाभ होतो काय? अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१६ साली समाजमाध्यमांतील विद्वत्कार्याचा अध्यापकांच्या पदोन्नतीत विचार करण्याचे धोरण स्वीकारले. उरोशल्यचिकित्सेतील ११२ शोधनिबंधांपैकी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेले निम्मे ट्विटरवर (२०२३ पासून 'एक्स') प्रसारित करण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, वर्षभरात या निबंधांच्या उद्धरणांत सरासरी तीनांची, तर उरलेल्यांच्या उद्धरणांत एकाहूनही कमी वाढ झाली. मात्र हृदयरोगविषयक 'सर्क्युलेशन' नियतकालिकाने २४३ निबंधांवर केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाचनसंख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा समाजमाध्यम हे साहाय्यक साधन होय, यशाची हमी नव्हे. आपल्याकडे बढतीचा विचार मुख्यतः अर्हता, अध्यापनाचा अनुभव आणि शोधनिबंध यांवरच होतो, हेही विसरता कामा नये.

मग काय करावे? आपला निबंध प्रसिद्ध झाल्यावर त्याचा सारांश सोप्या मराठीत आणि इंग्रजीत द्यावा. मूळ निबंधाचा दुवा जोडावा. अभ्यासाच्या मर्यादाही स्पष्ट सांगाव्यात. इतरांच्या कामाची दखल घ्यावी. दूरच्या तज्ज्ञांस नेमका प्रश्न विचारावा. पुढील सहकार्याचा आरंभ पुष्कळदा अशा प्रश्नातूनच होतो. विषय एकच धरून सातत्याने लिहिणाऱ्याची ओळख निर्माण होते, रोज नव्या विषयावर मत देणाऱ्याची होत नाही.

आता अत्यंत महत्त्वाची गोष्ट. रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र वा वृत्तांत त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करण्यास २००२ च्या व्यावसायिक आचार विनियमांनी मनाई केली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये समाजमाध्यमांविषयी सविस्तर मार्गदर्शक सूचना असलेले नवे विनियम काढले. पैसे देऊन पसंती व अनुयायी मिळवू नयेत, असे त्यांत म्हटले होते. त्याच महिन्यात ते विनियम स्थगित झाले. परंतु रुग्णाच्या विश्वासाला स्थगिती नसते.

केवळ नाव वगळले म्हणजे ओळख झाकली जाते, असे मानू नये. 'अमुक तालुक्यातील, अमुक वयाची, दुर्मीळ विकाराची महिला' एवढे लिहिले तरी तिच्या गावाला ती कोण ते कळते. तो मजकूर भ्रमणध्वनीवरून सासरी-माहेरी पोहोचतो. वंध्यत्व, क्षय वा मनोविकार यांसारख्या आजारात त्याचे मोल त्या महिलेला आयुष्यभर द्यावे लागते. नंतर मजकूर काढून टाकला तरी तो परत येत नाही. म्हणून रुग्णाला समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्यावी आणि नकार दिल्याने उपचारात तिळमात्र फरक पडणार नाही, हे आवर्जून सांगावे. संमती मिळाल्यावरही, त्या तपशिलाची शिक्षणासाठी खरोखर आवश्यकता आहे काय, असे स्वतःस विचारावे.

ग्रामीण भागात डॉक्टरांच्या शब्दावर लोकांची श्रद्धा असते. सरपंच, शिक्षक आणि आशा सेविका आपला मजकूर पुढे पाठवितात. त्यात चूक राहिली तर ती आपल्या नावासह घराघरांत जाते. आणि तो अचूक असेल, तर लसीकरणासारख्या कार्यास आपोआप बळ मिळते. अनुयायांची संख्या कमी-अधिक होईल. आपल्या नावावर लोकांनी टाकलेला भरवसा मात्र वाढत राहावा, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.