बॅटरीचा हिवाळा

जी वस्तू आपण वापरीत नाही ती झिजत नाही, अशी आपली एक भाबडी समजूत असते. माझ्या आजीची ती नव्हती. तिच्याजवळ एक पैठणी होती. दरवर्षी दसऱ्याच्या आधी ती पैठणी ट्रंकेतून काढी, जुनी घडी मोडी आणि निराळी घडी घालून पुन्हा ठेवी. नेसायची नसली तरी हा नेम चुकत नसे. ‘ठेवलेले वस्त्र घडीवरच विरते रे,’ असे ती म्हणे. हे वाक्य पुरते पटण्यासाठी मला लेहपर्यंत जावे लागले. आणि ते पटवून देणारी वस्तू होती मोटारसायकलची एक लहानशी बॅटरी.

2017 च्या उन्हाळ्यात माझी लेह येथे बदली झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरचे हे गाव. उन्हाळ्यात तेथे मोटारसायकलवरून हिंडण्यासारखे सुख नाही. परंतु हिवाळा लागला की मनालीकडचा रस्ता बर्फाखाली जातो, रात्रीचे तपमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकते, आणि गोठ्यात गुरे बांधावीत तशी दुचाकी वाहने घरोघर आत ओढली जातात. डिसेंबरात मला चार महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीस जावयाचे होते. माझे घरमालक आयुष्यभर ट्रकांची यंत्रे दुरुस्त करून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही सारे त्यांना ‘मेमे-ले’, म्हणजे आजोबा, म्हणत असू. निघण्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “साहेब, बॅटरी काढून माझ्याजवळ द्या.”

मी म्हणालो, “मेमे-ले, गाडी बंद आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. बॅटरी खर्च होईल कशी?”

“किल्लीने इंजिन बंद होते, साहेब; बॅटरी नाही,” एवढेच ते बोलले. मी हसलो आणि सामान बांधावयास लागलो.

एप्रिल 2018 मध्ये मी परतलो. दोनच दिवस झाले असतील. रात्री दोनच्या सुमारास मेमे-लेंच्या पत्नीच्या, आमच्या आबी-लेंच्या, पोटात असह्य कळा येऊ लागल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाकडे गेलेली. ओळखीचा टॅक्सीवाला दोन किलोमीटरांवर राहत होता; तो फोन उचलीना. मी धावत जाऊन मोटारसायकलचे बटण दाबले. साधा ‘टिक्’ असा आवाजही आला नाही. माझ्या गाडीला पायाने मारावयाची किकही नव्हती. शेवटी गोठलेल्या रस्त्यावरून पायी गेलो. टॅक्सी दारात यावयास चाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ मेमे-ले बुखारीजवळ पत्नीचा हात धरून बसून होते. आबी-ले चार दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. मेमे-लेंनी मला दोषाचा एक शब्द ऐकविला नाही; आणि तेच मला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बॅटरी बाहेर काढली. तिच्या पेटीला उभी चीर गेली होती आणि पाझरलेल्या आम्लाने खालचे लोखंड खाल्ले होते. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी 1859 साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. शिशाच्या पट्ट्या गंधकाम्ल मिसळलेल्या पाण्यात बुडविलेल्या असतात. बॅटरी वीज देते तेव्हा आम्ल पट्ट्यांशी संयोग पावते आणि मागे पाणी वाढत जाते. भारित करताना आम्ल पुन्हा द्रवात उतरते. म्हणजे भरलेल्या बॅटरीत तीव्र आम्ल असते, तर रिकाम्या बॅटरीत जवळजवळ पाणीच. भरलेल्या बॅटरीतील द्रव शून्याखाली साठ अंशांच्या आसपास गेल्यावाचून गोठत नाही. पूर्ण रिकाम्या बॅटरीतील द्रव मात्र शून्याखाली दहाच्या आगेमागेच गोठू लागतो. पाणी गोठताना फुगते आणि पेटी फुटते. लेहच्या थंडीने माझी बॅटरी फोडली, असे मी म्हणत होतो. वस्तुतः ती आधीच रिकामी झाली होती. थंडीने केवळ शेवटचा घाव घातला.

मग ती रिकामी झाली कशी? गाडीतले घड्याळ आणि लहानसहान यंत्रणा किल्ली काढल्यावरही थोडी वीज पीत असतात. समजा, ती केवळ 2 मिलिअँपिअर आहे. दिवसाचे 24 तास आणि 120 दिवस असा हिशेब केला तर 5.76 अँपिअर-तास होतात. माझी बॅटरी होती 9 अँपिअर-तासांची, आणि गावातल्या तुटक फेऱ्यांमुळे तीही पुरती भरलेली नव्हती. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपण लहानपणी शिकतो. ते थेंबे थेंबे रिते होते, हे शिकावयाचे राहून जाते.

याखेरीज तारा सोडविल्या तरी बॅटरी आपल्या आपण थोडी क्षीण होतच असते. फार काळ अर्धवट रिकामी राहिली तर पट्ट्यांवरील क्षाराचे खडे कठीण होतात, आणि मग कितीही वीज दिली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही.

उपाय साधे आहेत. गाडी ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भारित करावी. 9 अँपिअर-तासांच्या बॅटरीला सुमारे 0.9 अँपिअर, म्हणजे क्षमतेचा दहावा हिस्सा, एवढा प्रवाह योग्य. काढताना प्रथम ऋण टोक सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. गाडीचा सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. धन टोक आधी सोडताना पाना सांगाड्याला टेकला तर ठिणगी उडते. टोके स्वच्छ पुसून त्यांना व्हॅसलीन लावावे. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहावी व केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. आम्ल कधीही घालू नये. भारित करताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम बुखारी किंवा चूल यांच्याजवळ मुळीच करू नये. बॅटरी गोठल्याची शंका आली तर तिला वीज देऊ नये. ती फुटण्याचे भय असते.

यानंतर महिन्यातून एकदा मीटर लावून पाहावे. विश्रांतीतील भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टांहून थोडे अधिक दाखविते, 12.4 पर्यंत उतरली की पुन्हा भरावी. नव्या लिथियमच्या बॅटरीस मात्र निराळा नियम: शून्याखालच्या तपमानात तिला भारित करू नये.

दोन गैरसमजही सोडावयास हवेत. आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालविले की झाले, असे पुष्कळांना वाटते. थंड इंजिन सुरू करण्यास जी वीज लागते तीही तेवढ्या वेळात क्वचितच भरून निघते. दुसरे, बॅटरी उबेतच ठेवावी असे नाही. भरलेली बॅटरी थंड, कोरड्या खोलीत अधिक सुरक्षित असते, कारण थंडीत तिची आपोआप होणारी झीज मंदावते. उलट उष्ण हवेत ती वाढते. म्हणून पावसाळ्यात कोकणातल्या घरी गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी तर अधिकच जपावे.

पुढच्या हिवाळ्यात मी लेहमध्येच होतो. पहिला बर्फ पडण्यापूर्वी नवी बॅटरी काढून मी मेमे-लेंच्या कोठीत फळीवर ठेवली, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे मीटर घेऊन तिच्यापाशी जात असू. मेमे-ले आकडा वाचीत, मी वहीत टिपून घेई, आणि आबी-ले आम्हा दोघांना लोणी घातलेला चहा देत. एप्रिलमध्ये मी बटण दाबले तेव्हा इंजिन पहिल्याच हाकेला जागे झाले. मला आजीच्या पैठणीची आठवण झाली. दर वर्षी ती घडी मोडी, ते केवळ कापडासाठी नसावे. जी वस्तू अडल्या वेळी उपयोगी पडावी असे आपल्याला वाटते, तिची विचारपूस न अडल्या वेळीच करावयाची असते.